नंक प्रो टंक आणि एक सुटलेला परिच्छेद

बिनचूकबाईंच्या बोटांना लॅटिन येत होतं. बाईंना येत नव्हतं.

कोर्टात पस्तीस वर्षं टायपिंग केलेली बाई. कोर्टाची भाषा इंग्रजी, आणि त्या इंग्रजीत जागोजागी लॅटिनचे खडे. वकील ते ऐटीत उच्चारत. न्यायाधीश मसुद्यात त्यांच्याखाली रेघ मारत. बाई ते जसेच्या तसे कागदावर उतरवत. अर्थ विचारत बसायला सवड कुणाला होती? दिवसाला चाळीस पानं हातावेगळी करायची असत.

पण प्रत्येक शब्दाची बाईंपाशी एक खूण होती. अर्थाची नव्हे, हातांची. ‘एक्स पार्टे’ म्हणजे डाव्या हाताचा मळ, अगदी शब्दशः. मधल्या एका पीपुरती उजवी करंगळी उठते, बाकी सगळं डावीकडे. ‘साइने डाय’ला दोन्ही हात आलटूनपालटून. अर्धशिक्षित माणसाला गाण्याची चाल पाठ असावी आणि शब्द कळू नयेत, तसं काहीतरी. बाईंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. चाल चुकत नव्हती ना, मग झालं.

बिनचूकबाई हे नाव त्यांना नोकरीच्या परीक्षेत मिळालं. दहा मिनिटांत एक पान, आणि एकही चूक नाही. तपासणाऱ्या अधीक्षकांनी कागद उजेडात धरून पाहिला, कुठे खोडरबर फिरलाय का म्हणून. फिरला नव्हता. नाव चिकटलं ते चिकटलंच. एकदा नव्यानं आलेल्या शिपायानं त्यांना खऱ्या नावानं हाक मारली, तर बाईंनी मानही वर केली नाही.

त्या नावानंच पुढे घात केला.

कोर्टात टाइप झालेला प्रत्येक कागद दोघांनी मिळून ताडायचा असतो. एकानं मूळ मसुदा मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविरामासकट. दुसऱ्यानं टाइप केलेल्या पानावर पट्टी धरून ओळीओळीनं खाली सरकायचं. याला रुजवात म्हणतात. कंटाळवाणं काम. घसा सुकतो. ज्यानं टाइप केलं त्याच्या एकट्याच्या भरवशावर कागद पुढे जाऊ द्यायचा नाही, एवढाच त्यामागचा हेतू. बाईंच्या कागदांची रुजवात मात्र हळूहळू होईनाशी झाली. “बाईंचं आहे ना? मग द्या इकडे,” म्हणत समोरचा न वाचताच सही ठोकायचा. बाईंना त्यात गैर वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर बरं वाटायचं.

निवृत्तीला अकरा आठवडे उरले होते. बाई तेव्हा नक्कल विभागात होत्या. जुन्या आदेशांच्या नकला काढून लोकांना द्यायच्या, हे तिथलं काम. तीन टेबलं, हिरवी लोखंडी कपाटं, आणि समोरच्या भिंतीवरचा पाण्याचा पाइप दाखवणारी एक खिडकी. दुसरी खिडकी लोकांसाठी. तिच्याशी एक दिवस एक क्रेन चालवणारा आला.

तिशीचा. नखांत ग्रीस. बंदरावर सत्तर फूट उंच बसून जहाजातला माल उतरवतो, असं त्यानंच सांगितलं. दूरच्या एका बंदरावर काम मिळत होतं. त्यासाठी ओळखीचे कागद नव्यानं करायचे होते, आणि त्या कार्यालयानं त्याच्याकडे दत्तकाच्या आदेशाची नक्कल मागितली होती. त्याला आणि त्याच्या थोरल्या बहिणीला एका बाईनं एकाच दिवशी दत्तक घेतलं होतं. कपड्यांच्या कारखान्यात काजं करणारी, एकटी बाई. एकोणतीस वर्षं झाली त्याला. मूळ कागद आईच्या पेटीत होता, कुणी कधी उघडून वाचला नव्हता, आणि आता पेटीला वाळवी लागली.

बाईंनी त्याला उद्या बोलावलं आणि किल्ली घेऊन रेकॉर्डच्या खोलीत गेल्या.

दत्तकाचे गठ्ठे कायमचे ठेवतात. इतर प्रकरणांत न्यायाधीशांच्या हातचे मसुदे बारा वर्षांनी फाडून टाकतात. दत्तकाच्या गठ्ठ्यात मात्र ते मागच्या बाजूला शिवून ठेवलेले असतात. हे नक्कल विभागाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. वकिलांनाही नाही.

आदेश वरच होता. दीड पान. खाली डाव्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं होती. बाईंचीच. जुनं कुणी ओळखीचं भेटावं तसं त्यांना वाटलं. मग त्यांनी आदेश वाचला. अर्ज दोन मुलांसाठी होता. आदेशात एकच मूल होतं. मुलगी.

बाईंनी गठ्ठा उलटा केला.

मसुद्यात दोन परिच्छेद होते. पहिला मुलीचा, दुसरा मुलाचा. नाव आणि जन्मतारीख सोडली तर दोन्ही अक्षरशः सारखे. शेवटची ओळ तर हुबेहूब तीच. काय झालं असणार ते बाईंना क्षणात कळलं. टाइप करणाऱ्याचे डोळे मसुदा आणि मशीन यांच्यात झुलत असतात. पहिल्या परिच्छेदाची शेवटची ओळ संपवून त्यांनी मान वळवली, आणि नजर दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीवर जाऊन टेकली. ओळ तीच. ही तर झाली. पुढे चला.

मधे एक मूल राहून गेलं.

रुजवातीच्या चौकटीत एका सहकाऱ्याची ठसठशीत सही होती. तो आता या जगात नव्हता. मसुदा लिहिणारे न्यायाधीशही नव्हते.

बाईंनी आदेशाची नक्कल काढली. जशी होती तशी. तिच्यावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारला. शिक्का खोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी ती नक्कल त्यांनी खिडकीतून क्रेनवाल्याच्या हातात दिली आणि मसुद्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

त्यानं ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचलं. मग पुन्हा वाचलं. यात आपलं नाव कुठंय, असं त्यानं बाईंना विचारलं. बरोबर त्याची बहीण होती. तिनं कागद ओढून घेतला आणि नजर फिरवली.

“लहानपणी मी सांगायचे ना, तुला उचलून आणलाय म्हणून,” ती म्हणाली.

“तुलाही उचलूनच आणलंय, ताई.”

“पण माझी पावती आहे.”

दोघंही हसली. बाई हसल्या नाहीत. वकिलांना भेटा, एवढंच म्हणाल्या.

वकील पन्नाशीचे, कायम घाईत असलेले. त्यांना यात काही अवघड वाटलं नाही. आई आहे ना हयात? मग नव्यानं अर्ज करू. जुनं उकरायला नको. आई शहात्तर वर्षांची होती, अंथरुणाला खिळलेली, पण डोकं शाबूत. तिनं उशीला टेकून अर्जावर सही केली. पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. बाईंना हे खिडकीशी कळलं आणि छातीवरचा दगड उतरला. काम होतंय. कुणाचं नाव न येता होतंय.

घरी मात्र त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, आणि हा घरातल्या पुढच्या खोलीत बसून दात घडवतो. टेबलावर प्लास्टरचे दहाबारा जबडे कायम आ वासून असतात. बाईंनी सगळं सांगितलं तेव्हा तो एक दाढ घासत होता. हात न थांबवता त्यानं ऐकून घेतलं.

“माझी कवळी अर्धा मिलिमीटर चुकली तर माणूस दुसऱ्या दिवशी दारात येतो, तोंड धरून,” तो म्हणाला. “तुझी चूक एकोणतीस वर्षं गप्प बसली. भली आहे बिचारी.”

“अहो, आता नव्यानं होतंय ना सगळं. मग जुनं काढून कुणाचं भलं होणार आहे?”

“मी कुठे काय म्हणालो?”

तो खरंच काही म्हणाला नव्हता. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी जरा जोरातच लावू लागल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे सेवापुस्तक होतं. पस्तीस वर्षांच्या नोंदी, सगळ्या निळ्या शाईत. शिक्षेचा शेरा लाल शाईत लिहितात. लाल ठिपकासुद्धा नसलेलं सेवापुस्तक त्या इमारतीत एकच होतं.

तारखेला चार दिवस उरले असताना आई गेली.

वकील खिडकीशी आले ते कागद परत मागायला. या वेळी त्यांना घाई नव्हती. मेलेली बाई दत्तक घेऊ शकत नाही, ते सांगत होते, अर्जही तिच्याबरोबर संपला. दूरच्या बंदरावरचं काम तर गेलंच. पण खरी गोष्ट वेगळीच निघाली. आईच्या मृत्यूची नोंद करताना कारकुनानं अपत्यांच्या रकान्यात एकच नाव घेतलं. मुलगा हातात तिचं औषधांचं पाकीट धरून समोर उभा होता, आणि कारकून विचारत होता, आपण कोण?

बहीणभाऊ तेव्हा जिन्यावर बसले होते. बाईंना खिडकीतून भावाची पाठ दिसत होती.

बाई जागेवर येऊन बसल्या. समोर अर्ध्यात सोडलेली नक्कल होती. तिला हात लावावासा वाटेना. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बोटं टेबलावर काहीतरी वाजवतायत. उजव्या हाताचं पहिलं बोट तीनदा. डाव्याचं मधलं एकदा. मग उजवी करंगळी, डावं पहिलं, उजवी अनामिका. मग पुन्हा थोडा फरक करून आधीसारखं. कुठली चाल ही? बाईंनी डोळे मिटले. कधीतरी, फार वर्षांपूर्वी, एक प्रकरण होतं. सुनावणी संपली होती, निकाल लिहायचा राहिला होता, आणि मधेच कुणीतरी वारलं होतं. तरी निकाल लागला होता. त्या निकालात हे तीन शब्द पाच ठिकाणी होते. खाली रेघ मारलेले.

कागद पुढे ओढून त्यांनी बोटं सांगतील ती अक्षरं लिहिली. नंक प्रो टंक.

माणूस मेल्यावरही काहीतरी होतं, एवढं या शब्दांत आहे. पण काय? पस्तीस वर्षांत पहिल्यांदा बाईंना एका शब्दाचा अर्थ हवा होता. आणि तो कळेपर्यंत चैन पडणार नव्हतं.

ग्रंथालय तिसऱ्या मजल्यावर. बाई तिथं आजवर फक्त थंड पाण्यासाठी गेल्या होत्या. ग्रंथपाल काटकुळे गृहस्थ. फाटक्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालत बसलेले. कुणी काही विचारायला येईल, ही आशा त्यांनी केव्हाच सोडली होती. चिठ्ठी वाचून त्यांच्या भुवया वर गेल्या.

“टंक? हा तर तुमच्याच खात्यातला शब्द झाला. टंकलेखनातला.”

“थट्टा नको, भाऊसाहेब. अर्थ सांगा.”

“नंक म्हणजे आत्ता. टंक म्हणजे तेव्हा. प्रो म्हणजे च्यासाठी, च्या जागी. आत्ता, तेव्हाच्या जागी.”

बाईंनी हे दोनदा मनात म्हणून पाहिलं. आत्ता ते आत्ता, तेव्हा ते तेव्हा, एकाच्या जागी दुसरं कसं बसेल, असं त्यांनी विचारलं. बाहेर बसत नाही, कोर्टात बसतं, ग्रंथपाल म्हणाले. मग त्यांनी कव्हराचा कागद बाजूला सारला, खुर्ची दाखवली आणि सुरू झाले. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं.

इंग्लंडात राजाची कोर्टं होती, तिथली ही गोष्ट. बोलणं दुसऱ्या भाषेत, पण दप्तर लॅटिनमध्ये. कागद नव्हता. कमावलेल्या चामड्याच्या लांब पट्ट्यांवर निकाल लिहायचे, पट्ट्या एकत्र शिवायच्या आणि त्यांची गुंडाळी करायची. कोर्टाचं सत्र चालू असेपर्यंत निकाल न्यायाधीशाच्या छातीत आहे, असं मानत. म्हणजे त्याला वाटलं तर तो बदलू शकतो. सत्र संपलं की निकाल छातीतून निघून गुंडाळीत गेला. गुंडाळी बंद. त्यानंतर तीत जे लिहिलंय तेच खरं. न्यायाधीश स्वतः येऊन म्हणाला की मी असं बोललोच नव्हतो, तरी गुंडाळी खरी आणि तो खोटा.

“आणि लिहिणाऱ्यानं चूक केली असेल तर?” बाईंनी विचारलं.

“तीच तर अडचण. लिहिणारे कारकून, म्हणजे माणसंच. काहीतरी राहून जायचं. मग बंद गुंडाळी उघडायची कशी? तर आज लिहायचं, पण त्या दिवशी लिहिलं असं धरायचं. आत्ता, तेव्हाच्या जागी.”

दुसरं कारण मरण. सुनावणी झाली, निकालाला कोर्टानं उशीर केला, आणि मधे माणूस गेला. उशीर कोर्टाचा, मग भोगायचं त्यानं का? म्हणून निकाल आज द्यायचा आणि तारीख तो जिवंत होता तेव्हाची धरायची. बाई पुढे सरकून ऐकत होत्या. त्यांना जिन्यावरची पाठ दिसत होती. म्हणजे राहिलेलं सगळं असं मागे जाऊन करता येतं का, त्यांनी विचारलं.

ग्रंथपालांनी बोट वर केलं.

“सगळं नाही. लोक इथेच फसतात. त्या दिवशी जे ठरलंच नव्हतं, ते कितीही न्यायाचं असलं तरी आज ठरवून मागे ढकलता येत नाही. जे ठरलं होतं आणि फक्त लिहायचं राहिलं, तेवढंच. आणि ते दाखवावं लागतं.”

“कसं दाखवायचं? समजा, न्यायाधीशांच्या हातचा मसुदा आहे.”

“मसुदा चांगलाच. पण समोरचा वकील म्हणेल, न्यायाधीशांनी शेवटच्या घटकेला विचार बदलला असेल, नाव मुद्दाम गाळलं असेल. कुणीतरी उभं राहून म्हणायला हवं, की गाळलं नाही, माझ्या हातून सुटलं.”

बाईंनी भलतंच विचारलं. ‘साइने डाय’ म्हणजे काय?

दिवसाविना, ग्रंथपाल म्हणाले. पुढची तारीख न देता काम थांबवायचं. ‘एक्स पार्टे’? एका बाजूकडून. दुसरी बाजू हजरच नाही. बाईंना हसू आलं. डावा हात एकटाच का पळायचा, तर म्हणे एकच बाजू. योगायोग होता, पण मजेचा होता. ‘सबपीना’? शिक्षेखाली, म्हणजे ये, नाहीतर शिक्षा. ‘अफिडेव्हिट’? त्यानं शपथेवर सांगितलं आहे. एवढंच? एवढंच. एक आख्खं वाक्य आहे ते, आणि आपण त्याला कागदाचं नाव समजतो. अर्धा तास असा गेला. पस्तीस वर्षं बंद दारांवरून हात फिरवत चाललेलं माणूस एकेक दार ढकलून पाहत होतं, आणि प्रत्येक दाराआड अगदी साधी खोली निघत होती. दिवस. बाजू. आत्ता. तेव्हा. घरात रोज बोलतो ते शब्द.

बाई खाली उतरल्या. जिन्यावर आता कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, लाल शेरा पडेल ना? पडेल, बाई म्हणाल्या. मग त्यानं जबडे बाजूला केले आणि टेबलावर त्यांना लिहायला जागा करून दिली.

बाईंचं शपथपत्र दीड पानाचं झालं. वकिलांनी ते वाचलं आणि चष्मा काढून त्यांच्याकडे पाहतच राहिले. गठ्ठ्याच्या मागे मसुदा शिवलेला असतो हे आजवर आपल्याला कुणी का सांगितलं नाही, असं ते दोनतीनदा म्हणाले. अर्ज झाला. तारीख लवकर मिळाली.

बाई कोर्टात हजारदा गेल्या होत्या, पण पिंजऱ्यात कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. न्यायाधीश चाळिशीच्या बाई होत्या. सरकारी वकिलांनी ग्रंथपाल म्हणाले होते तेच विचारलं, नाव मुद्दाम गाळलं नसेल कशावरून? आणि एकोणतीस वर्षांपूर्वीचं एक पान तुम्हाला आठवतं?

“पान आठवत नाही, साहेब,” बाई म्हणाल्या. “चूक ओळखू येते.”

मग त्यांनी डोळे कसे झुलतात, सारख्या ओळीवर कसे फसतात, ते दोन्ही कागद समोर ठेवून दाखवलं. न्यायाधीशांनी पुढे वाकून पाहिलं. मग स्वतः पट्टी घेऊन मसुद्यावरून एकदा खाली गेल्या. नाव मुद्दाम गाळायचं असतं तर तेव्हाच्या न्यायाधीशांनी मसुद्यातच काट मारली असती, त्या स्वतःशीच म्हणाल्या. पुढल्या पानावर त्यांनी एका शब्दाला मारलीय. मग रुजवात झाली नव्हती का, असं विचारलं.

“सही झाली होती,” बाई म्हणाल्या. “रुजवात नाही. माझ्या कागदांची करत नसत.”

“का?”

“माझं नाव तसं होतं म्हणून.”

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसल्या नाहीत. त्यांनी शपथपत्राचं पान उलटलं.

“ही चूक तुम्हाला कळली केव्हा?”

“आठ आठवड्यांपूर्वी.”

“म्हणजे अर्जदार बाई जिवंत होत्या.”

“हो.”

“तेव्हा तुम्ही कुणालाही सांगितलं नाही.”

“नाही.”

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. तिसऱ्या बाकावर कोण बसलंय हे त्यांना ठाऊक होतं.

आदेश आठवड्यानं झाला. मुलाचा परिच्छेद एकोणतीस वर्षांपूर्वीच्या तारखेला जोडला गेला. नंक प्रो टंक हे शब्द त्यात एकदाच आले. बाईंवर लाल शेरा मारायचं ठरलं, तेही त्याच आठवड्यात. त्याचं पत्र टाइप करायला विभागात त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. मुख्य कारकून कागद हातात घेऊन घुटमळत राहिले. बाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला, टाइप केला, आणि शेजारच्या टेबलावर रुजवातीला दिला. शेजारचा सही करायला गेला. बाईंनी पेन काढून घेतलं. वाचा, म्हणाल्या. त्यानं वाचलं. ‘अक्षम्य निष्काळजीपणा, स्वल्पविराम,’ असं म्हणताना त्याचा आवाज इतका खाली गेला की बाईंना दोनदा विचारावं लागलं.

नक्कल घ्यायला ती दोघं सोमवारी आली. खिडकीशी मोठी रांग होती. क्रेनवाला आपला नंबर येईपर्यंत उभा राहिला. कोर्टातल्या त्या दिवसानंतर तो बाईंशी बोलला नव्हता. आताही नमस्कार केला नाही. वहीत सही केली, नक्कल घेतली, आणि मधल्या तीन शब्दांवर बोट ठेवलं.

“हे काय आहे? वकील म्हणाले, ते कायद्याचं आहे, तुम्हाला नाही कळायचं.”

“कळेल,” बाई म्हणाल्या. “आत्ता, तेव्हाच्या जागी. हा आदेश आज लिहिलाय. पण निर्णय आजचा नाही. निर्णय तेव्हाच झाला होता. फक्त कागदावर आला नव्हता.”

“तेव्हाच झाला होता.”

“हो. त्या न्यायाधीशांनी तुम्हा दोघांची नावं लिहिली होती. मी मसुदा पाहिलाय.”

त्यानं कागद खिडकीच्या फळीवर ठेवला.

“आई तेच म्हणायची,” तो म्हणाला. “शेवटच्या आठवड्यात सारखी. म्हणायची, साहेबांनी दोघांची नावं मोठ्यानं वाचली, मी समोर उभी होते, तू कडेवर झोपला होतास. मी म्हटलं, आई, तुला नीट आठवत नाही. कागदावर नाहीये.” तो थांबला. “मग तिनं ऐकलं माझं. म्हणाली, असेल बाबा. माझंच चुकत असेल.”

बाईंनी खिडकीचा गज धरला.

“त्यांचं चुकत नव्हतं. माझं चुकलं होतं. आणि तेव्हा मला ते माहीत होतं.”

“हो,” तो म्हणाला.

एवढंच. रागानं नाही, समजूत घालत नाही. हे तीन शब्द आईच्या त्या शेवटच्या आठवड्यापर्यंत पोचत नाहीत, हे बाईंना ग्रंथपालांना न विचारताही कळत होतं.

बहिणीनं कागद उचलून भावाच्या हातात दिला.

“वाच,” ती म्हणाली. “मोठ्यानं.”

“इथे?”

“इथेच. तिनं इथेच ऐकलं होतं.”

तो वाचू लागला. इंग्रजी त्याला जड जात होतं. ओळीखाली काळं नख सरकत होतं. लॅटिनशी अडखळला, पुढे गेला. रांगेतला एकजण म्हणाला, अहो, घरी जाऊन वाचा की, आम्हालाही कामं आहेत. बहिणीनं मान वळवली.

“एकोणतीस वर्षं झालीत,” ती म्हणाली. “आणखी दोन मिनिटं थांबा.”

आत बाई उभ्याच होत्या. तो आपल्या नावापर्यंत आला, थांबला, आणि ती ओळ पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचू लागला.